चारशे बारा माणसं

जाहिरातीच्या धंद्यात पहिल्याच महिन्यात माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि गुन्हा एवढाच की मी खरं बोललो होतो.

जळगावातल्या एका छोट्या जाहिरात संस्थेत मी लागलो होतो. संस्था म्हणजे एक जिना, दोन खोल्या, एक फोन आणि आमचे मालक, ज्यांना सगळा बाजार आबा म्हणायचा. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायच्या काचेच्या स्लाइड, रंगवलेल्या भिंती आणि भोंगा लावून फिरणारी रिक्षा, एवढा आमचा पसारा. एका कापड दुकानदाराने मला विचारलं, "रिक्षा गावात किती फेऱ्या मारेल?" मी म्हणालो, "तीन." रिक्षा तीनच फेऱ्या मारायची, मीच आत बसून घसा फोडत असे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याच गादीवर बसून त्याचं कापड पहिल्या धुण्यात आटतं म्हणालो होतो. काम दुसऱ्याकडे गेलं.

आबांनी मला समोर बसवलं.

"सहा म्हणायचं होतंस."

"पण आबा, तीनच होतात."

"त्याला ठाऊक आहे ना. तू सहा म्हणतोस, तो तीन धरतो. तू तीन म्हणालास, त्याने दीड धरली. दीड फेरीसाठी रिक्षा कोण करेल, बाबा?"

त्या दिवशी मला धंद्याचं व्याकरण कळलं. पेंटर साठ भिंती रंगवून शंभर सांगायचा. थिएटरवाला स्लाइड एकदा दाखवून दोनदा सांगायचा. पेपरवाले खपाचा आकडा सांगत, तेव्हा आबा आदराने मान डोलवत आणि समोरच्या कागदावर निम्मा लिहीत. दुकानदारही आम्हाला "आपल्याकडे हजार गिऱ्हाईक येतं" म्हणत आणि आम्ही पाचशे ऐकत असू. याला खोटं म्हणायला मी आजही कचरतो. खोट्याने कोणीतरी फसावं लागतं. इथे सगळ्यांना सगळं माहीत होतं. दुप्पट सांगायचं आणि निम्मं धरायचं, मधे कुठेतरी खरं व्यवस्थित पोहोचायचं. मी हे इतकं मन लावून शिकलो की आईने किती भाकरी वाढू विचारलं तरी मी चार म्हणायचो आणि दोनावर उठायचो.

हे सांगायचं कारण, पुढे मी जो घोटाळा केला तो याच शिकवणीतून केला. नुसता मूर्खपणा असता तर तो मी केव्हाच विसरलो असतो. माझे मूर्खपणे मी सांभाळून ठेवत नाही, जागा पुरायची नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगावात इंटरनेट आलं. आलं म्हणजे, एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकाने एक मोडेम आणला आणि बाहेर फळा लावला. हा क्लासवाला माझा शाळासोबती. त्याच्याकडे जाऊन बसलं की मोडेम आधी किंचाळायचा, मग घोरायचा आणि तेवढ्यात घरातून त्याच्या बायकोने फोन उचलला की सगळं जग तुटायचं. एक चित्र वरून खाली उतरायला एवढा वेळ लागे की माणसाचा फोटो असेल तर कपाळ पाहून आम्ही नाव ओळखायची पैज लावायचो.

मला मात्र त्यात आमच्या धंद्याचं भविष्य दिसलं. आबांना म्हणालो, "आता दुकानांची पानं इंटरनेटवर टाकायची. सगळ्या जगाला दिसतात." आबा म्हणाले, "सगळ्या जगाला? म्हणजे निम्म्या." तरी त्यांनी अडवलं नाही. एक पान करून दाखव म्हणाले.

गावातल्या एकाही व्यापाऱ्याला ते पटेना. सोन्याच्या पेढीवर मला चहा मिळाला, केळीच्या वखारीत केळी मिळाली, पण पान कोणाला नको होतं. शेवटी ते पटलं पारोळ्याच्या अक्कांना.

पारोळा जळगाव-धुळे रस्त्यावर. आठवड्यातून एकदा मी कामासाठी धुळ्याला जायचो, तेव्हा वाटेत तिथे उतरायचो, कारण अक्कांच्या गृहउद्योगाचं एक छोटं पत्रक आम्ही छापून दिलं होतं. अक्का म्हणजे साठीच्या घरातल्या, उंच, आवाज असा की समोरच्या घरातलं मांजर उठून जावं. त्या आणि आणखी दहा बाया मिळून उन्हाळ्यात बिबडे करायच्या. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: ज्वारी तीन दिवस भिजत घालून आंबवायची, कांडून गाळायची, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि ते उकळतं पीठ हाताने ओल्या कापडावर गोल गोल थापायचं. वाळलं की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, मग बिबडा सुटतो. पापडाचा हा थोरला, जरा अडाणी भाऊ. थापणाऱ्या बाईच्या बोटांची टोकं महिनाभर लाल असतात.

मी अक्कांना इंटरनेट समजावून सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसत सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मुंबईचा माणूसबी देखी?"

"अमेरिकेचा पण."

"आन त्याले बिबडा पाहिजे असंल तर?"

"खाली पत्ता असतो. इंटरनेटचा. त्यावर तो पत्र लिहील, ते लगेच येतं."

"कर मंग," अक्का म्हणाल्या. एवढ्या झटक्यात हो म्हणणारं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही.

पान मी जीव लावून केलं. तेव्हा इंटरनेटवर मराठी अक्षरं टाकायची सोय माझ्या आवाक्यात नव्हती, म्हणून पेंटरकडून कागदावर अक्षरं लिहून घेतली, त्यांचं चित्र काढून तेच पानावर चिकटवलं. खाली मोडकं इंग्रजी. बिबड्यांचा फोटो. पत्र पाठवायचा तो पत्ता. आणि सगळ्यात खाली, क्लासवाल्याने फुकटात मिळवून दिलेला एक आकडा दाखवणारा चौकोन. कोणी पान उघडलं की तो आकडा एकाने वाढायचा. मला तो चौकोन फार आवडला. रिक्षाला असा चौकोन नव्हता.

उद्घाटनाला अक्का स्वतः बसने जळगावला आल्या. क्लासमध्ये त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, नेमकं काचेच्या मधोमध. मी नारळ फोडला तो टेबलाच्या कडेवर, आणि पाणी थेट कीबोर्डात. क्लासवाल्याने कीबोर्ड उलटा धरून झटकला आणि माझ्याकडे पाहत राहिला. स्पेसबार त्यानंतर कायमचा चिकट झाला. कुंकवाचा डाग महिनाभर तिथेच होता. जगातलं कुठलंही पान उघडा, मधे एक लाल सूर्य.

पुढच्या आठवड्यात पारोळ्याला उतरलो. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, भोवती बाया मिरच्यांची देठं काढत होत्या.

"भाऊ, कितला लोकेस्नी देखं?"

चौकोनात अकरा आकडा होता. त्यातले सात वेळा मी, तीन वेळा क्लासवाला आणि एकदा आम्ही उद्घाटनाच्या वेळी. मी म्हणालो, "अकरा."

बायांची बोटं थांबली नाहीत, पण अक्कांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्या म्हणाल्या, "अकरा तर आमीच शेत," म्हणजे अकरा तर आम्हीच आहोत, आणि देठं काढायला लागल्या.

मला कापड दुकानदार आठवला. अकरा म्हणालो, यांनी साडेपाच धरले असणार. झालं, हे काम पण गेलं, असं माझ्या मनात आलं. आता इथे नुसतं "शंभर" म्हणून भागलं असतं. पण माझ्यातल्या कारागिराला ते हलकं वाटलं. आकडा यंत्राचा होता, तर तो यंत्रानेच सांगायला हवा. म्हणून मी क्लासमध्ये जाऊन बसायला लागलो. पान उघडायचं, फोटो उतरायच्या आत थांबवायचं, पुन्हा उघडायचं. प्रत्येक वेळी चौकोन एकाने पुढे. क्लासवाल्याने विचारलं, "काय करतोस?" मी म्हणालो, "प्रचार." तो म्हणाला, "कोणापुढे?" तेव्हा त्याच्या बायकोने फोन उचलला आणि मी उत्तरातून सुटलो.

पुढच्या खेपेला मी पान छापूनच नेलं. खाली चौकोनात स्पष्ट आकडा: एकशे सदतीस. अक्कांनी कागद दोन्ही हातांनी धरला. बायांत फिरवला. शेजारच्या घरातल्या चाची, ज्यांच्या अंगणाची आणि अक्कांच्या अंगणाची भिंत एकच होती, त्यांनी भिंतीवरून वाकून विचारलं, "क्या आया, अक्का?" आणि कागद भिंतीवरून पलीकडे गेला, परत आला. मग अक्कांनी तो खोलीच्या दारावर पिठाने चिकटवला.

मी मनात म्हणालो, साठ-सत्तर धरले असतील. बरं झालं.

तेव्हापासून तसंच चाललं. दर आठवड्याला नवा कागद. दोनशे तीन. दोनशे नव्वद. मग लग्नसराई आली, उन्हाळी सेल आले, आबांनी मला भिंतींच्या मागे लावलं आणि मी धुळ्याला जाईनासा झालो. कागद मात्र चुकवला नाही. स्टँडवर धुळ्याच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट द्यायचं, पारोळ्याला अक्कांकडचं कोणीतरी घ्यायचं. आमच्या धंद्यातली सगळी निकडीची कामं अशीच जायची. जाहिरातीचा कागद बसने जायचा आणि जाहिरात मात्र इंटरनेटची, यातला विनोद मला तेव्हा दिसला नाही. शेवटचा कागद गेला त्याच्यावर चारशे बारा होतं.

मेच्या मध्याला, भर अकराच्या उन्हात, मी पारोळ्याला उतरलो. अक्कांच्या घरी खाली कोणीच नाही. वरून आवाज आला, "वर ये, भाऊ!" जिना चढून गच्चीवर गेलो आणि डोळे दिपले. गच्चीभर जुन्या साड्या आणि धोतरं अंथरलेली, त्यांवर बिबडे. पलीकडे चाचींची गच्ची, तिच्यावर बिबडे. त्याच्या पलीकडची, त्याच्याही पलीकडची. चार गच्च्या पांढऱ्या गोलांनी भरलेल्या, आणि कोपऱ्यात चुलीवर पातेलं रटरटत होतं.

मी हसत विचारलं, "अक्का, कोणाचं लग्न आहे?"

"तुन्हा चारशे लोकेस्ना," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. अक्कांनी पदराला हात पुसत हिशोब सांगितला, अगदी शहाण्या माणसाचा हिशोब: चारशे बारांनी पाहिलं, सगळे काही घेणार नाहीत. दहातल्या नऊ जणांना सोडून द्या. तरी चाळीस घरं. बाहेरगावचा माणूस थोडे मागवत नाही, वर्षाचे मागवतो. म्हणून यंदा त्यांनी दरवर्षीच्या तिप्पट ज्वारी घेतली होती. पाऊस लागला की बिबडे होत नाहीत, म्हणून मागणी यायच्या आत करून ठेवायचे. दोन घाणे अजून भिजत होते आणि तिसऱ्याची ज्वारी निवडून ठेवली होती.

त्यांनी निम्मं धरलं नव्हतं. त्यांनी दहावा हिस्सा धरला होता, आमच्या बाजारातल्या कुठल्याही शेटजीपेक्षा जास्त सावधपणे. पण त्याच्या खालचा चारशे बारा हा आकडा त्यांनी खरा मानला होता, आणि तो तर माझं एक बोट होतं.

एका बाईने मला ताजा बिबडा भाजून दिला. मी तो खाल्ला. खाताना तिची बोटं पाहिली. काही न बोलता मी पुढच्या बसने निघालो, असा मी शूर.

जळगावला येऊन आबांना सांगितलं. आबा पंख्याखाली बसले होते. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "निम्मं का नाही धरलं बाईने?"

"कॉम्प्युटरवरून छापून आलं होतं, आबा."

आबा म्हणाले, "तू सहा म्हणालास तर समोरच्याला तुझं तोंड दिसतं. तोंड पाहून तो कमी करतो. त्या कागदाला तोंड होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"जा," आबा म्हणाले. "तिसरा घाणा भिजायच्या आत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. सगळं वाक्य जुळवलं होतं. पारोळा आलं, कंडक्टरने हाक दिली, माणसं उतरली, आणि मी खिडकीतून किल्ल्याचा बुरूज असा निरखून पाहत बसलो की जणू सरकारने मला त्याच्या मोजणीला पाठवलं आहे. बस सुटली. कंडक्टर म्हणाला, "ओ, तुमचं पारोळा होतं ना?" मी म्हणालो, "धुळ्याचं द्या." धुळ्याच्या स्टँडवर दोन चहा घेतले, हायवेच्या बाजूने येणारे ट्रक मोजले, आणि शरम अशी चीज आहे की दोन चहानंतर ती भुकेसारखी लागते, तेव्हा परतीच्या बसमध्ये बसलो. या खेपेला उतरलो.

बाया दुपारची भाकरी खाऊन अंगणात बसल्या होत्या. पलीकडे भिंतीशी चाची. एकट्या अक्कांना बाजूला घेऊन सांगावं असं माझ्या मनात होतं. अक्का म्हणाल्या, "येथंच सांग. त्यास्नाबी हात भाजेल शेत." हात तर त्यांचेही भाजले होते.

सांगितलं. पान उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं, सगळं. एका बाईला नीट कळेना, तेव्हा मला हाताने करूनही दाखवावं लागलं: हवेत बोट, टक्, टक्, टक्.

"म्हणजे बठ्ठं तूच देखं?" अक्का म्हणाल्या.

"जवळजवळ सगळं."

"चारशे डाव?"

"हो."

भिंतीवरून चाची म्हणाल्या, "अरे बेटा, चारसौ बार अकेला देखा? इतना तो मेरे मियाँ ने मुझे नहीं देखा!" एक बाई हसली, मग दुसरी, आणि मग सगळ्या हसल्या. मी पण हसायला लागलो, तेव्हा अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं.

"काबरं करं, भाऊ?" त्यांनी विचारलं. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी त्यांना रिक्षा सांगितली, कापड दुकानदार सांगितला, दुप्पट आणि निम्मं सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ते तुमनं बाजारनं शे. माले कोणी शिकाडं नही." ती तुमच्या बाजाराची रीत, मला ती कोणी शिकवलीच नाही. मग थोडं थांबून, "आन जवळजवळ म्हणजे कितला? जे तू नही, ते?"

मला माहीत नव्हतं. चौकोन नुसता वाढायचा, कोणी वाढवला ते सांगायचा नाही.

"त्या पत्त्यावर कोणी लिवलं व्हई ना? ते देखं का?"

इथे मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्या पत्त्यावरची, इंटरनेटवरची पत्रांची पेटी कधी उघडलीच नव्हती. तीन महिन्यांत एकदाही नाही. चारशे वेळा पान उघडलं आणि पेटी एकदाही नाही, कारण त्या पानावर कोणी खरोखर येईल हे मला मनातून कधी पटलंच नव्हतं. सगळ्या जळगावला इंटरनेट विकत फिरणारा मी, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच होतं. ते माझ्यासमोर पाय पसरून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडताच पेटी उघडली. नको ती दहाबारा पत्रं, आणि तीन पत्रं एकाच माणसाची. मूळचा धुळ्याचा, नोकरीसाठी परदेशात गेलेला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. ती तीन पत्रं छापून मी त्याच दिवशी पारोळ्याला नेली आणि अंगणात वाचून दाखवली.

पहिल्यात लिहिलं होतं, बिबड्यांचा फोटो पाहून आईची आठवण आली, किती दिवसांनी पाहिले, मिळतील का? दुसऱ्यात, मी पुढच्या महिन्यात धुळ्याला येतोय, तुम्ही कुठल्या गावचे ते कळवा, गाडी काढून येईन आणि बरोबर सहा-सात घरांसाठी घेऊन जाईन. तिसरं त्यानंतरचं. "येऊन गेलो. धुळ्यात पुष्कळांना विचारलं, कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या पानावर गावाचं नाव नाही. काम बंद केलं असेल तर हरकत नाही. फोटो छान होता."

मी पानावर 'खानदेश, इंडिया' एवढंच लिहिलं होतं. जगासाठी पान करत होतो, जगाला पारोळा काय कळणार, असं मला वाटलं होतं. अक्कांच्या दारापासून धुळं बसने तासभर. तो माणूस तिथवर येऊन गेला.

मी वाचायचं थांबलो. बायांतली एक म्हणाली, "फोटो छान होता म्हणे." कोणी हसलं नाही.

मला तेव्हा जे लागलं ते अजून नीट सांगता येत नाही. फसवल्याची लाज तर होतीच. पण मी चारशे माणसं घडवली आणि त्या गर्दीत एक खरा माणूस तीनदा हाक मारून गेला, ती मला ऐकू आली नाही. रिक्षाच्या तीन फेऱ्या सहा सांगितल्या तरी त्या तीन फेऱ्या होत असत. दुप्पट करायलाही आधी काहीतरी असावं लागतं, आणि ते मोजावं लागतं. आबा निम्मा आकडा लिहायचे तो याचसाठी. मी दुप्पट करायला शिकलो, मोजायला शिकलो नाही.

अक्कांनी तिसऱ्या घाण्याची निवडलेली ज्वारी दळायला पाठवली, भाकरीसाठी. दोन घाणे भिजलेले होते, ते करावेच लागले. मग जे झाले होते ते विकायला मी लागलो. कोणी सांगितलं म्हणून नाही, पण कोणी नको असंही म्हणालं नाही. दीपनगरला वीजकेंद्राच्या वसाहतीत अक्का, आणखी एक बाई आणि मी डबे घेऊन क्वार्टरमागून क्वार्टर फिरलो. दार उघडलं की मी जाहिरातवाल्याच्या सुरात सुरू व्हायचो आणि अक्का मला कोपराने बाजूला सारून एक बिबडा पुढे करायच्या. "खाई देख, बाई." लोक खाऊन बघत आणि घेत. धुळ्याच्या सरकारी वसाहतीतही तसंच. एका घरात बाई म्हणाली, "यांची जाहिरात कुठे बघितली नाही कधी." अक्का म्हणाल्या, "याने देखी शे ना." तरी थोडे उरलेच, दिवाळीपर्यंत पुरले, काही डब्यातच मोडले.

धुळ्याच्या त्या माणसाला उत्तर पाठवायचं होतं. अक्का सांगत होत्या, मी कागदावर उतरवून घेत होतो. मी सुरुवात केली, "आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल..." अक्का म्हणाल्या, "हे कोण बोलतंय?" मी खोडलं. मग त्या बोलल्या तसं लिहिलं: आम्ही पारोळ्याला राहतो, किल्ल्याच्या बाजूला, कोणालाही विचारा, अक्का म्हणा. काम बंद नाही. पत्र वाचणारा माणूस आमचा नव्हता, आता नीट वाचणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात या, आईला आणा.

जसंच्या तसं टाकलं. त्याच दिवशी पानावर पारोळा लिहिलं, अक्षरं पेंटरकडून नवी काढून घेतली. उत्तर आलं की नाही हे मला आजही सांगता येत नाही, कारण त्यानंतर पाचसहा महिन्यांत क्लासवाल्याने गाशा गुंडाळला आणि ती पेटी कुठे गेली ते त्यालाही माहीत नव्हतं. पण तोवर मी ती रोज उघडत असे.

अक्कांनी एकच अट घातली होती. चौकोनातला आकडा पुसून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. दारावरचा कागद त्यांनी स्वतःच ओल्या फडक्याने काढला. मी क्लासवाल्याच्या मदतीने चौकोनात शून्य आणलं आणि चार दिवसांनी पारोळ्याला उतरलो. अक्का ओट्यावरच होत्या.

"आज कितला?"

"एक," मी म्हणालो. या वेळी अगदी खरं.

"कोण?"

"मीच. शून्य नीट बसलंय का, ते बघायला गेलो होतो."

अक्कांनी मिरचीचं देठ मोडलं आणि सुपात टाकलं.

"मंग शून्य सांग ना, भाऊ."